फुलारीण गप्प बसली तो दिवस

फुलारणीचा राग मोठ्या दवाखान्याच्या फाटकापासून थेट बसथांब्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता, आणि त्याचं कुणी वाईट वाटून घेत नसे. वाईट वाटून घेणाऱ्याला हार मिळायचा नाही, हे त्याचं साधं सरळ कारण. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं ती त्याला फैलावर घ्यायची.

"आत्ता आठवण झाली? दहाला बायकोला घरी सोडणार, आणि तुम्ही पावणेदहाला उगवताय! आणि निशिगंध कशाला हवाय? तिला दम लागतो म्हणता आणि उग्र वासाची फुलं घेऊन निघालात. अक्कल कुठे गहाण टाकलीत का?"

माणूस मान खाली घालून ऐकायचा. मग हळूहळू तिचं तोंड थांबायचं आणि हात सुरू व्हायचे. हात सुरू झाल्यावर मात्र एक अक्षर नाही. मांडीवर ओलं फडकं, डाव्या बाजूला फुलं, उजव्या हाताला दोऱ्याचं रीळ, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याचं बोलणं आपोआप बंद पडायचं. फाटकावरचा जुना पहारेकरी नव्या लोकांना आधीच सांगून ठेवायचा, "आधी शिव्या, मग हार. मधे बोलू नका. उलट उत्तर तर देऊच नका."

आता यात तिचा नुसता स्वभाव नव्हता. म्हणजे स्वभाव होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे ती जन्मली तीच सुईणीवर ओरडत. पण त्यामागे कामही होतं, आणि ते तिला तिच्या बाबांनी शिकवलं होतं.

बाबा याच फाटकाशी बसायचे. सुई वापरत नसत. सुई म्हणजे फुलाच्या पोटात भोसकणं, असं म्हणायचे. त्यांचा हार गाठीचा. दोन फुलं पाठीला पाठ लावून धरायची, देठांवर दोऱ्याचा फास टाकायचा आणि ओढायचा. बस, एवढंच. पण किती ओढायचा, हे शिकण्यात तिची चार वर्षं गेली. कमी ओढला तर फूल निसटतं, आणि ते लगेच दिसतं. जास्त ओढला तर दोरा देठ चिरतो, आणि ते काही केल्या दिसत नाही. फूल आपलं ऐटीत बसून राहतं. चार-पाच तासांनी मान टाकतं आणि गळतं. तोवर हार कुणाच्या तरी गळ्यात असतो, नाहीतर कुणाच्या तरी छातीवर.

"रागात दोरा धरायचा नाही," बाबा म्हणायचे. "राग बोटात उतरतो."

"मग माझं कसं व्हायचं?" तेरा वर्षांच्या पोरीने विचारलं होतं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ही काही शांत व्हायची नाही, हे त्यांना कळून चुकलेलं होतं. "तू असं कर," ते म्हणाले, "आधी तोंडाने काढून टाक. उरला नाही म्हणजे मग दोरा घे."

तेव्हापासून ती तोंडाने काढत आली. घरी नवऱ्यावर, रस्त्यावर गिऱ्हाइकावर. नवरा एका कचेरीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेला, निवांत माणूस. लोकांनी कीव केली तर हसून म्हणायचा, "अहो, ही सकाळी माझ्यावर ओरडली नाही, तर मलाच धडकी भरते. म्हणजे त्या दिवशीचे हार गेले!"

तर हे असं एकतीस वर्षं चाललं होतं. आणि मग ती यादी लागली.

दवाखान्याचा रस्ता रुंद होणार होता. भिंतीला लागून पत्र्याची नवी शेड बांधली होती, बारा गाळ्यांची. ती हस्तकारागिरांसाठी. बाकीचे, म्हणजे विक्रेते, जाणार बस आगाराच्या मागच्या पटांगणात, जिथे मोडक्या बस उभ्या असतात आणि कुत्रं फिरकत नाही. कचेरीच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. डाव्या बाजूला कारागीर: चावीवाला, चपला शिवणारा, शिलाईवाली, छत्र्या दुरुस्त करणारा. उजव्या बाजूला विक्रेते: खेळणीवाला, फळवाला, आणि सातव्या ओळीत ती. 'फुले विक्री, किरकोळ.'

तिने ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किरकोळ कुणाला म्हणता हो?" तिने खिडकीच्या आत डोकं घातलं.

आतला कारकून चष्मा पुसत होता. पुसतच राहिला. "मावशी, तो प्रकार आहे. घाऊक आणि किरकोळ. तुम्ही काय ट्रक भरून विकता का?"

"मी विकतच नाही! मी बांधते!"

"फुलं तुम्ही करता का? झाडाला येतात. तुम्ही आणता आणि विकता. म्हणजे विक्रेता."

"आणि तो चावीवाला? तो काय पितळ पोटातून काढतो? तोही विकतच आणतो की!"

"त्याच्याकडे मशीन आहे."

"माझ्याकडे दहा बोटं आहेत! डोळे पुसून झाले असतील तर बघा जरा. मी काय फळवाला आहे का, टोपलीतून काढलं आणि पिशवीत कोंबलं?"

फळवाला तिच्या मागेच उभा होता. वीस वर्षं तिच्या शेजारी बसणारा, तिच्या शिव्या खाणारा, ऊन चढलं की न सांगता तिच्या टोपलीवर आपलं गोणपाट टाकणारा. तो रांगेतून बाजूला झाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने हातगाडी चार हात पलीकडे लावली. ऊन चढलं, पण गोणपाट आलं नाही.

तिला कळलं. पण माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आत्ता तर अंगाचा नुसता तिळपापड होत होता. दवाखान्याचं फाटक सोडून तिने जायचं कुठे? तिचा हार घेणारी माणसं दवाखान्यातून बाहेर येणारी. कुणी बाळ घेऊन, कुणी काठी टेकत, कुणी चौघांच्या खांद्यावर. ती माणसं काय हार घ्यायला आगाराच्या मागे येणार होती? तिथे गेली की तिचं काम संपलं. मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान होतंच, फुलांना तारा टोचणारं.

संध्याकाळी घरी येऊन तिने पलंगाखालची ट्रंक ओढली. नवरा भाजी निवडत होता. "काय शोधतेस?"

"बाबांचा परवाना. आणि तुम्ही जरा पाय वर घ्या, मधेच कडमडू नका."

परवाना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, घड्यांवर फाटलेला. शाई विटकी झाली होती, पण वाचता येत होतं. नाव, वय, बसण्याची जागा. आणि खाली: धंदा, फुलारी.

हा शब्द बाबांचा फार लाडका. त्याची एक गोष्टच होती. एक म्हातारे मास्तर दवाखान्यात बायकोला भेटायला रोज यायचे आणि एक फूल घेऊन जायचे. त्यांनी एकदा बाबांना सांगितलं, की सोनार, लोहार, कुंभार, या सगळ्यांच्या शेपटीला जे 'आर' आहे ना, ते मुळात 'कार' होतं. कार म्हणजे करणारा. सोन्याचं करतो तो सोनार, लोखंडाचं करतो तो लोहार. तुमचा फुलारीही बहुतेक त्याच घरातला. खरंखोटं मास्तरच जाणोत. पण बाबांनी ते जे धरलं, ते मरेपर्यंत सोडलं नाही. कुणी फुलवाला म्हटलं की ते थांबवून सांगायचे, "फुलारी म्हणा. वाल्याजवळ वस्तू असते. फुलारी काही तरी करतो."

"काय करतो?" लहानपणी तिने वाद घातला होता. "फुलं तर झाड करतं."

"झाड फूल करतं. फुलाचं पुढे काय करायचं ते आपण करतो," बाबा म्हणाले. "विकणारा माल देऊन मोकळा होतो. आपण हार उतरेपर्यंत मोकळे नाही."

आणि ते खरोखरच मोकळे होत नसत. काल हार नेलेला माणूस आज रस्त्यात दिसला की हाक मारून विचारायचे, "टिकला का?" लग्नाच्या घरी, मयताच्या घरी, कुठेही. पोरीला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पुढे तीही तेच विचारू लागली, फक्त बाबांपेक्षा दुप्पट आवाजात.

दुसऱ्या दिवशी परवाना आणि नवरा बरोबर घेऊन ती मोठ्या साहेबांपुढे गेली. साहेब म्हणजे एक मॅडम निघाल्या, तिच्या लेकीच्या वयाच्या, गोड बोलणाऱ्या. तिथेच घोटाळा होता. कारकुनासारखा माणूस असला म्हणजे भांडता येतं. गोड बोलणाऱ्याशी कसं भांडणार?

"बसा ना मावशी. पाणी घेणार?" मॅडमनी परवाना हातात घेतला. "फुलारी. छान शब्द आहे. पण आमच्या यादीत हा धंदाच नाहीये. संगणकात भरायचं कुठे, हा प्रश्न आहे."

"संगणकाला सांगा की..." ती उसळली. नवऱ्याने तिच्या पायावर पाय दिला.

"एक करता येईल," मॅडम म्हणाल्या. "शंका असेल तिथे प्रात्यक्षिक घेता येतं. सोमवारी अकरा वाजता इथे या. माझ्यासमोर हार करून दाखवा. हस्तकला आहे असं मला वाटलं, तर मी सही करीन."

बाहेर आल्यावर नवरा जिन्यातच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला धमकी दिली. "सोमवारी तू तोंड उघडलंस ना, तर मी तिथून उठून जाईन. तो चष्मेवाला तुला डिवचणार. डिवचू दे. गप्प बसायचं. सही होईपर्यंत एक शब्द नाही. कबूल?"

"कबूल," ती दात आवळून म्हणाली. काय कबूल करते आहे, ते त्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सोमवारी ती आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, पांढरी शेवंती आणि लाल गुलाब घेऊन गेली. सकाळी नवऱ्यावर ओरडलीसुद्धा नाही. घर कसं चिडीचूप होतं. नवऱ्याला ते चांगलंच वाटलं. म्हणाला, बायको शहाणी झाली.

कचेरीत टेबलावरच्या फायली बाजूला सारून तिला जागा दिली होती. मॅडम समोर, कारकून शेजारी, दाराशी चावीवाला आणि शिलाईवाली बघायला आलेले. तिने फडकं पसरलं, दोरा ओला केला.

"किती वेळ लागेल?" कारकुनाने घड्याळ बघितलं. "नाही, माझी पोरगी शाळेत करते असं. कागदाची फुलं असतात, पण असंच."

ती गप्प बसली.

"तशी मेंदी काढणारी एक बाई आली होती परवा. उद्या कुणी फुगेवाला येईल. म्हणेल, मी फुंकतो, मी कारागीर."

शिलाईवालीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण ऐकू गेलंच. फुलारीण गप्प. नवरा भिंतीशी उभा राहून मानेने 'शाबास, शाबास' करत होता. तिच्या कानशिलांत घण पडत होते. एकेक बोलणं घशाशी यायचं आणि ती ते गिळायची. फास टाकायची, ओढायची. दोन फुलं, फास, ओढ.

चाळीस मिनिटांत हार झाला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी उचलला. "किती सुंदर! आणि सुई नाही, तार नाही. ही कला नाही तर काय आहे?" त्यांनी कारकुनाकडे असं पाहिलं की तो फाइलीत तोंड घालून बसला. भिंतीवर नव्या शेडचा नकाशा चौकटीत लावलेला होता. मॅडमनी हार त्या चौकटीला घातला, फोटो काढला, अर्जावर 'हस्तकारागीर' लिहिलं आणि सही केली. शिक्का बसला.

चावीवाल्याने टाळ्या वाजवल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले. फुलारणीने रीळ गुंडाळायला घेतलं आणि तिचा हात थांबला.

दोऱ्याच्या उरलेल्या टोकाला हिरवट ओल होती.

पाण्याची नव्हे. देठाच्या रसाची. तिने मान वर करून हाराकडे पाहिलं. शेवंती ताठ बसली होती, गुलाब तिच्यावर ऐट करत होते. कुणी म्हटलं असतं का की यांच्या माना चिरल्यात? तिने म्हटलं असतं. निम्मी फुलं तरी गेली होती.

"चल," नवऱ्याने कागद तिच्या पिशवीत घातला आणि तिचा दंड धरला. ती गेली.

फाटकाशी येऊन ती आपल्या जागेवर बसली. पलीकडे फळवाला सफरचंदं मांडत होता. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं. एक गिऱ्हाईक आलं. तिने त्याला काहीच बोल लावला नाही, तर बिचारं घाबरून निघूनच गेलं. नवरा बोलत सुटला होता. गाळा कोपऱ्यातला मागू. लेकीला कळवू. पाटीवर काय लिहायचं?

"हार खोटा झालाय," ती म्हणाली.

"काय?"

"देठ चिरलेत. चारच्या आत गळणार."

नवऱ्याने जरा विचार केला. "मग गळू दे की. चारला कोण बघतंय? फुलं आहेत, गळणारच. शिपाई झाडून टाकील. सही झाली ना आपली?"

"तुमच्यामुळे झालं हे!" आणि सबंध दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "गप्प बस, गप्प बस! मला गप्प बसवलंत आणि माझ्या हातून खोटा हार बांधवलात! एकतीस वर्षांत नाही झालं ते झालं. बाबा असते तर त्यांनी मला फाटकाशी उभं केलं नसतं!"

"अगं, पण कुठे निघालीस?"

"हार उतरवायला."

"सही रद्द करतील, वेडे!" तो मागे धावला. "आगाराच्या मागे बसशील जन्मभर!"

त्याची भीती अगदी बरोबर होती, आणि तिलाही तेवढीच भीती वाटत होती. पण पाय काही थांबेनात. कचेरी अडीचला जेवणाची सुट्टी संपवून नुकती उघडली होती. ती सरळ आत शिरली, खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढून हाराला हात घातला. दोन शेवंत्या तिच्या हातातच सुटून आल्या.

"अहो मावशी, हे काय?" मॅडम उभ्या राहिल्या.

"खोटा आहे हा. देठ चिरलेत मी. संध्याकाळपर्यंत तुमच्या नकाशावर नुसता दोरा राहील." तिने कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "हा घ्या परत. दुसरा हार बांधते. तो बघा, मग काय लिहायचं ते लिहा."

कारकून हसला. "मावशी, सही झाली, शिक्का झाला. कशाला उकरून काढताय?"

मॅडमनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "खरंच मावशी. कुणाच्या लक्षात आलं असतं?"

झालं. बांध फुटला.

"कुणाच्या लक्षात आलं असतं? अगं पोरी, माझ्या! मला काय तू डोळे नसलेली समजतेस? तुमच्या लक्षात यावं म्हणून बांधते का मी हार? तिकडे तीन नंबरच्या खोलीतून मेलेला माणूस बाहेर काढतात, त्याच्या बायकोला कळतं का फास किती ओढलाय? तिला काही कळत नसतं, तिचं सगळं बुडालेलं असतं! म्हणून मी कसाही बांधू? वाटेत गळला तर तिने वेचत बसायचं? आणि तू रे चष्म्या! कागदाची फुलं म्हणालास! तुझ्या पोरीला घेऊन ये, मी शिकवते तिला, चार वर्षं लागतील! मी किरकोळ! मी विकणारी! विकणारी असते, तर परत आले असते का इथे? कागद पिशवीत होता माझ्या! शिक्क्यासकट!"

ती पाऊण तास बोलली असेल. म्हणजे नवऱ्याच्या हिशेबाने पाऊण तास. घड्याळात दहा मिनिटं झाली होती. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन दारात तसाच उभा, त्याच्या मागे आवाज ऐकून आलेला चावीवाला. यादी, रस्ता, शेड, संगणक, काचेच्या दुकानातल्या तारा, कुणालाही तिने सोडलं नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर आधी लाली आली, मग ती गेली, आणि शेवटी त्या हाताची घडी घालून नुसत्या ऐकत राहिल्या.

मग ती थांबली. खुर्चीवर बसली. खोट्या हाराचा दोरा सोडवून चांगली फुलं वेगळी केली, पिशवीतली उरलेली घेतली, फडकं मांडीवर पसरलं. त्यानंतर तासभर त्या खोलीत कुणीही बोललं नाही. कारकूनसुद्धा.

हार चौकटीला घालून ती खाली उतरली. "उद्या दहाला येते," म्हणाली, आणि कागद न घेताच निघाली.

फाटकाशी आली तोवर बातमी तिच्या आधी पोहोचलेली होती. चावीवाल्याने सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं, आणि ते वाक्यही सांगितलं होतं. विकणारी असते तर परत आले असते का.

फळवाला त्याच्या गाडीशी उभा होता. चार दिवसांनी तो तिच्याशी बोलला. आवाज चढवला नाही. त्याला तो चढवता येतच नसे. "मी घेतो की परत, ताई," तो म्हणाला. "फळ किडकं निघालं तर. गेल्या महिन्यात आतल्या एका आजोबांना पपई आतून खराब लागली. तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुसरी देऊन आलो. मीही विकणाराच आहे."

तिने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. ती आपल्या जागेवर बसली आणि रिकाम्या टोपलीकडे बघत राहिली. आजची बोलणी तिने सगळ्यांना वाटली होती, आणि त्यातली सगळ्यांत मोठी तिच्याच वाट्याची होती, हे तिला आत्ता कळलं, आणि स्वतःचा असा राग आला की कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना ती कचेरीत हजर. नवरा बाहेरच्या बाकावर बसला. आत यायची त्याची छाती झाली नाही. मॅडम नकाशासमोर उभ्या होत्या.

"टिकला का?" फुलारणीने दारातूनच विचारलं.

"एक पाकळी नाही पडली," मॅडम म्हणाल्या. "मी सकाळी येऊन आधी तेच बघितलं." त्यांनी टेबलावरचा कागद पुढे केला. छापलेल्या ओळीवर पेनाने रेघ मारली होती आणि बाजूला हाताने लिहिलं होतं: फुलारी. खाली नवी सही. "संगणकात जागा नाही. वरून विचारतील तेव्हा बघू. गाळा नंबर चार, फाटकाजवळचा."

फुलारणीने तो कागद वाचला, दोनदा वाचला, घडी घालून बाबांच्या परवान्याच्या पिशवीत ठेवला. आभार मानेल म्हणून मॅडम थांबल्या होत्या. ती वर बघत होती.

"हा पंखा रात्रभर कुणी चालू ठेवला?"

"पंखा?"

"हाराच्या डोक्यावर! फुलं वाळवायचीत का? एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि एवढं कळू नये? आणि ते राहू द्या, मुद्द्याचं सांगते. तुमच्या यादीत पाचव्या ओळीत फळवाला आहे. तो तिसऱ्या मजल्यावर पपई बदलून द्यायला गेला होता. कुणी सांगितलं होतं त्याला? मी काल इथे ओरडून गेले की विकणारा परत येत नाही. मी चुकले. साफ चुकले. पण चूक माझी एकटीची आहे का? यादी कुणी केली? दवाखान्यातल्या माणसाला फळ लागतं, ते आगाराच्या मागे कुणाला लागतं हो? मोडक्या बसला? त्याचा अर्ज कुठे भरायचा ते सांगा, मी इथून हलणार नाही!"

तिने खुर्ची ओढून घेतली. मॅडमनी पुढे होऊन पंखा बंद केला.

बाहेर बाकावर नवऱ्याने तो आवाज ऐकला. शिपायाने घाबरून त्याच्याकडे पाहिलं, पण त्याने पाय लांब केले आणि भिंतीला डोकं टेकलं.

"बसा हो," तो शिपायाला म्हणाला. "वेळ लागेल आता."